सॉफ्टवेअर कंपनीत क्रेडिट कार्ड कुणाचं वापरावं? आणि वीस डॉलरसाठी तीन कोटेशनं?

टर्मिनलवासी

नमस्कार मंडळी,

पुण्यातली लहान सॉफ्टवेअर कंपनी. बारा-पंधरा माणसं, प्रायव्हेट लिमिटेड, जीएसटी नोंदणी आहे, कामाचा मोठा भाग निर्यातीचा (एलयूटीवर, म्हणजे कर न भरता निर्यात करायच्या हमीपत्रावर). लागणारी साधनं बहुतेक परदेशी: कोड होस्टिंग, डिझाइनचं टूल, एरर मॉनिटरिंग, ईमेल पाठवायची सेवा, एआयची दोन-तीन सबस्क्रिप्शनं, शिवाय क्लाउड. क्लाउड सोडलं तर बहुतेकांचं बिल महिन्याला दहा डॉलरपासून दोनशेपर्यंत.

आजवरची पद्धत अशी की ज्याला गरज पडेल त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घ्यायचं आणि महिनाअखेरीस पावती जोडून पैसे मागायचे. अकाउंट्सने आता ते बंद करून एक फॉर्म काढलाय. साधन दहा डॉलरचं असलं तरी तीन कोटेशनं, व्हेंडर नोंदणी (पॅन आणि कॅन्सल्ड चेकसकट!), मग पीओ (खरेदीचा लेखी आदेश), आणि पैसे ४५ दिवसांनी. ज्या वेबसाइटवर फक्त 'बाय' असं बटण आहे तिथे पीओ कुणाला पाठवायचा?

तर प्रश्न:
१. कंपनीच्या नावाचं कार्ड घेतलं की हे सगळं सुटतं का?
२. किती रकमेपर्यंत विनापरवानगी घेऊ द्यावं?
३. ऑटो-रिन्यूअल दर महिन्याला कुठे ना कुठे फसतं. त्याचं काय करतात?

तुमची मतंही सांगा, नुसते नियम नकोत.

---

जमाखर्च

फॉर्म भयंकर आहे, पण तो काढणाऱ्याची अडचण खरी आहे. ती आधी सांगतो, कारण ती समजल्याशिवाय अकाउंट्सशी बोलणी पुढे सरकणार नाहीत.

माणसाने स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या ईमेलने साधन घेतलं की इनव्हॉइसवर कंपनीचं नाव आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) येत नाही. विक्रेत्याच्या लेखी तो भारतातला नोंदणी नसलेला ग्राहक. अशा ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीने (कायद्याच्या भाषेत ओआयडीएआर) १८ टक्के आयजीएसटी घेऊन तो भारत सरकारकडे भरायचा असतो. म्हणजे २० डॉलरचं साधन २३.६० डॉलरला पडतं. वरच्या ३.६० डॉलरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करायची सोय) मिळत नाही आणि निर्यातीवरच्या परताव्यातही ते धरता येत नाहीत. ते गेलेच.

तेच साधन कंपनीच्या खात्यात, बिलिंग सेटिंगमध्ये जीएसटीआयएन भरून घेतलं तर विक्रेता कर लावत नाही. इनव्हॉइस २० डॉलरचंच येतं आणि कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी घेणाऱ्या कंपनीला, भरावा लागतो. पायऱ्या अशा:

- स्वतःच स्वतःला इनव्हॉइस करायचं (सेल्फ-इनव्हॉइस). बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.
- जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात ३.१(डी) खाली रक्कम आणि कर दाखवायचा.
- तो कर कॅश लेजरमधूनच, म्हणजे रोख पैशांनीच, भरायचा. साठलेलं क्रेडिट इथे चालत नाही.
- भरला की ४(ए)(२), म्हणजे इम्पोर्ट ऑफ सर्व्हिसेस, मध्ये तेवढंच क्रेडिट घ्यायचं. देशांतर्गत विक्री असेल तर त्यात ते जिरतं. सगळीच निर्यात असेल तर आरएफडी-०१ भरून परतावा मागायचा.

रुपयात रूपांतर करताना कस्टम्सचा जाहीर दर सेवांना लागू होत नाही, हिशेबाच्या मान्य तत्त्वांनुसारचा दर घ्यायचा. एकच दर-स्रोत ठरवा आणि वर्षभर तोच पाळा.

आता कार्डाच्या बाजूने. स्टेटमेंटवरची रक्कम आणि इनव्हॉइसची रक्कम कधीच जुळत नाही. फॉरेक्स मार्कअप (चलन बदलून देण्याचा बँकेचा आकार) साधारण २ ते ३.५ टक्के असतो आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्क्यांचं कार्ड असेल तर प्रत्यक्ष बोजा ४.१३ टक्के. डॉलर ८८ धरला तर १०० डॉलरमागे सुमारे ३६३ रुपये. कार्ड कंपनीच्या नावाचं असेल आणि बँकेकडे जीएसटीआयएन नोंदवलेला असेल तर मार्कअपवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. वैयक्तिक कार्डावर तेही नाही.

आणखी एक. परदेशी विक्रेता रुपयात किंमत दाखवतो म्हणून व्यवहार देशी होत नाही. दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयातल्या व्यवहारावरही काही बँका १ टक्क्याच्या आसपास आकार लावतात. पैसे देताना 'तुमच्या चलनात द्या' असा पर्याय आला तर तो नाकारून डॉलरच निवडा, कारण तिथला दर विक्रेत्याच्या बाजूने ठरलेला असतो.

१ चं उत्तर: कंपनीचं कार्ड घेतलं की अर्धं सुटतं. उरलेलं अर्धं खात्याच्या सेटिंगमध्ये आहे.

---

सर्व्हरवाला

३ नंबरचा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे.

रिन्यूअल का फसतं? रिझर्व्ह बँकेची ई-मँडेट (आपोआप वजावटीला आगाऊ दिलेली परवानगी) चौकट. मूळ परिपत्रक ऑगस्ट २०१९ चं, तेव्हा ओटीपीविना वजावटीची मर्यादा २,००० रुपये होती. मुदतवाढी होत होत १ ऑक्टोबर २०२१ पासून ती खऱ्या अर्थाने लागू झाली, तोवर मर्यादा ५,००० झाली होती. १६ जून २०२२ ला ती १५,००० झाली. डिसेंबर २०२३ मध्ये १ लाखाची सवलत आली, पण ती म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यापुरती. सॉफ्टवेअर त्यात बसत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. दर महिन्याला आपोआप कापायची रक्कम असेल तर आधी मँडेट नोंदवावं लागतं, ओटीपी देऊन. प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची. १५,००० पर्यंत पुढचे हप्ते ओटीपीविना जातात, त्यावर गेले की दर वेळी ओटीपी. डॉलरमध्ये ही रेघ दीडशे ते पावणेदोनशेच्या मध्ये कुठेतरी पडते. दहा जणांच्या सीट्स असलेलं डिझाइन टूल ती सहज ओलांडतं.

मग फसण्याचे प्रकार:

विक्रेत्याच्या पेमेंट गेटवेला भारतीय मँडेट नोंदवता येत नाही. पहिला व्यवहार जातो, दुसऱ्या महिन्यात 'डिक्लाइन्ड'. तरीही तेच कार्ड वेबसाइटवर जाऊन हाताने पुन्हा टाकलं तर जातं, कारण तो एकवेळचा परदेशी व्यवहार धरला जातो आणि परदेशी दुकानं बहुधा ओटीपी मागत नाहीत. लोक चक्रावतात ते इथेच. कार्ड चालू आहे, लिमिट आहे, बँकेचा माणूस म्हणतो सगळं ठीक, आणि रिन्यूअल मात्र पडतं.

मँडेट आहे, पण त्याची कमाल रक्कम जुन्या सीट्सच्या हिशेबाने ठरलेली. दोन माणसं वाढली, बिल कमाल रकमेच्या वर गेलं, वजावट थांबली. नोंदवतानाच कमाल रकमेत ढील ठेवा.

२४ तासांच्या सूचनेमुळे इनव्हॉइस दिवसभराहून अधिक 'प्रोसेसिंग' दाखवतं. कुणीतरी घाबरून हाताने पैसे भरतो आणि दोनदा कापले जातात. एक दिवस थांबा.

कार्ड बदललं (मुदत संपली, हरवलं, बँकेने नवीन पाठवलं) की जुनी मँडेट्स बहुधा नव्या कार्डावर येत नाहीत. सगळी पुन्हा नोंदवा.

नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. मार्च २०२० पासूनचा हा नियम आहे. ॲपमध्ये जाऊन चालू करा, आणि तिथेच प्रत्येक प्रकाराची वेगळी मर्यादाही असते. कार्डाचं लिमिट ५ लाख आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा १०,००० असं हमखास सापडतं.

उपाय? जिथे मिळेल तिथे वार्षिक पैसे भरा. बारा वेळा फसण्याची शक्यता एकदावर येते, आणि बऱ्याच साधनांना वार्षिक दर कमी असतो. भारतात बिल देणारी शाखा असेल तर तीच घ्या. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड दोन्ही भारतीय पत्त्याला इथल्या कंपनीमार्फत रुपयात, जीएसटीसकट बिल देतात. फॉरेक्स मार्कअप नाही, रिव्हर्स चार्ज नाही, इनव्हॉइस थेट जीएसटीआर-२बी (मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) मध्ये दिसतं. फक्त टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटीआयएन पहिल्या दिवशी भरा. आधी निघालेली इनव्हॉइसं नंतर दुरुस्त करून घेणं हा सपोर्ट तिकिटांचा वेगळाच प्रवास आहे.

आणि एक गैरसमज कृपया सोडा. कार्डाचं लिमिट हे क्लाउडच्या खर्चाचं लिमिट नसतं. ५,००० रुपयांचं व्हर्च्युअल कार्ड लावलं म्हणून क्लाउड ५,००० वर थांबत नाही. वापर होत राहतो, बिल महिन्याच्या शेवटी येतं, कार्ड नाकारलं जातं, आणि देणं तसंच उभं राहतं. वर खातं निलंबित व्हायचा धोका. बजेट अलर्टही नुसताच कळवतो. एडब्ल्यूएस बजेट्सची माहिती साधारण ८ ते १२ तासांनी ताजी होते, तेवढ्या वेळात चुकून चालू राहिलेले जीपीयू भरपूर खाऊन घेतात. खरा लगाम लावायचा तर सर्व्हिस कोटा (किती मशिनं घेता येतील ती मर्यादा) कमी ठेवा, चाचणीच्या खात्यात महाग मशिनं धोरणानेच बंद करा, आणि बजेट ओलांडलं की मशिनं थांबवणारी कृती जोडा.

---

खरेदीखातं

दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ज्याला तुम्ही लोक नोकरशाही म्हणता तो.

तीन कोटेशनं ही पद्धत खुर्च्या, लॅपटॉप, केबल यांच्यासाठी जन्माला आली. तिथे माल तोच असतो आणि विकणारे दहा असतात. एरर मॉनिटरिंगचं टूल एकच कंपनी विकते आणि किंमत तिच्याच पानावर लिहिलेली असते. तिथे तीन कोटेशनं मागितली की लोक काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे: दोन न लागणाऱ्या साधनांच्या किमतीचे स्क्रीनशॉट जोडतात. फाइल जाड होते, निर्णय आधीच झालेला असतो. त्याऐवजी अर्ध्या पानाची एकल-स्रोत (एकच विक्रेता का, हे सांगणारी) टीप घ्या. काय हवंय, कशासाठी, किती जणांना, किती महिने, आणि हे नसलं तर काय अडेल. बस.

४५ दिवसांचं तर सांगायलाच हवं. हा आकडा एमएसएमई कायद्यातून आला. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं तिथे म्हटलंय. लहान पुरवठादाराला वाचवायला घातलेली वरची मर्यादा आपल्याकडे 'पैसे ४५ दिवसांनीच द्यायचे' अशी वाचली जाते. आगाऊ पैसे घेणाऱ्या परदेशी सबस्क्रिप्शनशी तिचा काही संबंध नाही.

आता प्रश्न २. तुम्ही रक्कम विचारलीत, पण माझ्या मते चाळणी रकमेची एकटी पुरत नाही. फुकटातलं एक ब्राउझर एक्स्टेंशन, जे ग्राहकाच्या पानावरचं सगळं वाचतं, ते ५०० डॉलरच्या फॉन्ट परवान्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. फुकट म्हणून ते कुठल्याच फॉर्ममधून जात नाही. म्हणून दोन प्रश्न एकत्र विचारा: वर्षाला किती पैसे, आणि आत कुणाची माहिती जाणार.

लहान कंपनीला चालेल अशी मांडणी देतो, आकडे तुमच्या खिशाप्रमाणे बदला.

ग्राहकाची माहिती किंवा कोड आत जात नाही आणि वर्षाचा खर्च २५,००० रुपयांच्या आत: टीम लीडने चॅटवर 'हो' म्हणायचं, कंपनीच्या कार्डावर घ्यायचं, नोंदवहीत ओळ टाकायची. त्याच दिवशी.

माहिती जात नाही पण खर्च २५,००० ते २ लाख: अर्ध्या पानाची टीप, लीड आणि अकाउंट्स दोघांची संमती. अकाउंट्सने दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर मंजूर समजायचं. ही शेवटची अट लिहून घ्या, नाहीतर बाकी सगळं कागदावर राहतं.

ग्राहकाची माहिती किंवा सोर्स कोड आत जातो: रक्कम शून्य असली तरी तपासणी. पण तपासणी म्हणजे दोनशे प्रश्नांची एक्सेल नव्हे. माहिती कुठल्या देशात साठते, ती मॉडेल शिकवायला वापरतात का आणि ते बंद करता येतं का, सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने प्रवेश) कुठल्या प्लॅनमध्ये मिळतं, खातं बंद केल्यावर माहिती किती दिवसांत पुसतात, सॉक-२ टाइप-२ (सुरक्षेच्या बाहेरच्या तपासणीचा) अहवाल आहे का, डेटा प्रोसेसिंग करार करतात का. आणि सर्वात आधी: तुमच्या स्वतःच्या ग्राहकाशी झालेल्या करारात तिसऱ्या पक्षाला माहिती देण्याआधी लेखी परवानगीची अट आहे का? परदेशी ग्राहकांच्या करारात ती बहुधा असते, आणि डेव्हलपरला तो करार कधी दाखवलेलाच नसतो. एआय साधनांच्या बाबतीत गाडी हमखास इथेच अडते.

व्हेंडर नोंदणीत परदेशी कंपनीकडे पॅन आणि कॅन्सल्ड चेक मागणं हा फॉर्म न वाचता छापल्याचा पुरावा आहे. 'कार्डाने पैसे' असा वेगळा व्हेंडर प्रकार करा. त्यात फक्त कंपनीचं कायदेशीर नाव, देश, बिलिंगचं पान आणि आपला खाते-क्रमांक एवढंच ठेवा.

---

कर्सर_लुकलुकतोय

मला हे सगळं पटलं, तरी वैयक्तिक कार्डाबद्दल कुणी पुरेसं कडक बोललं नाही असं वाटतं.

कंपनीच्या कामासाठी स्वतःचं कार्ड वापरू नका. रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून तर अजिबात नाही. कंपनी तुमच्याकडून महिनाभराचं बिनव्याजी कर्ज घेत असते आणि पैसे उशिरा आले तर व्याज तुमच्या नावावर चढतं, महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. लिमिटचा मोठा भाग कंपनीच्या क्लाउडने अडवला तर क्रेडिट अहवालात वापराचं प्रमाण वाढलेलं दिसतं, ते नेमकं गृहकर्जाच्या वेळी आडवं येतं. बऱ्याच वैयक्तिक कार्डांच्या अटींत व्यावसायिक वापर मना आहे, हेही एकदा वाचून घ्या. आणि पैसे परत मिळाले तरी इनव्हॉइस तुमच्या नावाचं असेल तर तो खर्च कंपनीचाच होता हे कागदावर सिद्ध करायचं काम तुमच्याकडे येतं.

त्याहून मोठी भानगड मालकीची. जीमेलवर उघडलेलं खातं, त्यावर तुमचं कार्ड, टू-फॅक्टर (लॉगिनचा दुसरा कोड) तुमच्या फोनवर. तुम्ही नोकरी सोडलीत की कंपनीचं उत्पादन तुमच्या हातात आणि कंपनीचं बिल तुमच्या खिशात. दोघांनाही नको असलेली स्थिती.

'खरेदीखातं' यांच्याशी एका ठिकाणी असहमत. लीडची परवानगी २५,००० खालीही कशाला? ज्या माणसाच्या हाती प्रॉडक्शन डेटाबेस पुसायचा अधिकार दिलाय त्याला महिन्याला दोन हजार रुपये स्वतःच्या अकलेने खर्च करू द्या. प्रत्येक डेव्हलपरला ठरलेली मासिक रक्कम द्या, नोंद सक्तीची, परवानगी नको. दर तिमाहीला यादी सगळ्यांसमोर मांडा. चार लोकांसमोर नाव येणार म्हटलं की फॉर्मपेक्षा जास्त काटकसर होते.

---

खरेदीखातं

@कर्सर, रकमेपुरतं मान्य. माहितीच्या प्रश्नावर मी हटणार नाही. डेटाबेस पुसला तर बॅकअप असतो, ग्राहकाचा कोड भलत्या ठिकाणी गेला तर तो परत येत नाही.

---

सर्व्हरवाला

खातं उघडायची पद्धत लिहितो, ही एकदा बसली की अर्धी भांडणं मिटतात.

१. टूल्स किंवा बिलिंग असा गट-ईमेल पत्ता कंपनीच्या डोमेनवर काढा. त्यात किमान दोन तांत्रिक आणि एक अकाउंट्सचा माणूस. सगळी खाती याच पत्त्यावर. गट-पत्त्याला बाहेरून आलेली पत्रं स्वीकारायची परवानगी आहे ना, हे पाहा. ती बहुधा मुळात बंद असते, आणि इनव्हॉइसं येतच नाहीत.
२. खात्याचा मालक एक, प्रशासक दुसरा. टू-फॅक्टर पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक तिजोरीत, रिकव्हरी कोडसकट.
३. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो संचालकांचा असेल तर तुम्ही अडकलात. ते विमानात असतात तेव्हाच ओटीपी लागतो. शक्य असेल तर बँकेकडून प्रत्येक माणसाच्या नावाने ॲड-ऑन किंवा व्हर्च्युअल कार्ड घ्या, म्हणजे ओटीपी त्याच्याच फोनवर.
४. एका विक्रेत्याला एक व्हर्च्युअल कार्ड, मर्यादा नेहमीच्या बिलाच्या दीडपट. एखादं साधन चुपचाप किंमत वाढवतं तेव्हा हीच मर्यादा सांगते. क्लाउडला मात्र हे लावू नका, कारण वर लिहिलंय.
५. नोंदवहीत आठ रकाने: साधन, मालक, कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम आणि चलन, मासिक की वार्षिक, रिन्यूअलची तारीख, रद्द करायची शेवटची तारीख, आत कुठली माहिती. रिन्यूअल आणि रद्द करायची तारीख वेगळ्या असतात. काही वार्षिक करारांत ३० दिवस आधी कळवावं लागतं.

डोमेन आणि एसएसएल (वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र) यांचा वेगळा विचार करा. बाकीचं साधन बंद पडलं तर काम अडतं, डोमेन गेलं तर ईमेलही जातं, आणि ईमेल गेलं की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचा मार्गही जातो. मुख्य डोमेन तीन-पाच वर्षांचं एकदम भरून टाका आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याला दुसऱ्या डोमेनवरचा ईमेल द्या. डॉट कॉमला मुदत संपल्यावर रजिस्ट्रार देईल तो वाढीव काळ, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ (डोमेन सोडवून घेता येतं, पण दंड जबर असतो), मग ५ दिवस, आणि नंतर ते कुणीही घेऊ शकतो.

आणि कृपा करून, चुकून कापलेल्या चाळीस डॉलरसाठी बँकेत डिस्प्यूट टाकू नका. चार्जबॅक (बँकेने पैसे उलटे मागणं) पोहोचला की बरेच विक्रेते खातंच गोठवतात. आधी सपोर्टला लिहा, बहुतेक जण एक महिन्याचे पैसे मुकाट परत देतात.

---

टर्मिनलवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. अकाउंट्सना हा धागा वाचायला दिला. त्यांचे दोन उपप्रश्न आहेत:

अ) आमच्या बँकेने कंपनी नवीन म्हणून क्रेडिट कार्ड नाकारलं. एका कंपनीचं 'एक्स्पेन्स कार्ड' मिळतंय, ते चालेल का?
आ) एका साधनाचं वार्षिक बिल ९,००० डॉलर आहे. ते कार्डाने भरावं की बँकेतून पाठवावं?

---

जमाखर्च

अ) आधी विचारा की ते क्रेडिट कार्ड आहे की प्रीपेड. नाव 'कार्ड' असतं, आत पैसे आधी भरावे लागत असतील तर ते प्रीपेड साधन. त्यावर परदेशी व्यवहार चालतीलच असं नाही, आणि चालले तरी त्यांची मर्यादा फार कमी असते. पेट्रोल, कुरिअर, चहा-नाश्ता यांना ते झकास. परदेशी सबस्क्रिप्शनला नाही. नव्या कंपनीसाठी सरळ रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं बिझनेस कार्ड. ठेव ठेवायची, तिच्या ठरावीक टक्क्यांएवढं लिमिट मिळतं, ठेवीवर व्याज चालू राहतं. घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: फॉरेक्स मार्कअप किती, ॲड-ऑन किंवा व्हर्च्युअल कार्डं किती देणार, आणि देणं थकलं तर जबाबदारी कंपनीची की ज्याच्या नावाने कार्ड आहे त्याची. तिसऱ्याचं उत्तर कर्मचाऱ्याला ऐकवा.

आ) ९,००० डॉलरला बँकेतून पाठवा. ८८ च्या भावाने ७,९२,००० रुपये होतात. कार्डावर ४.१३ टक्के म्हणजे जवळपास ३२,७०० रुपये नुसते मार्कअप आणि त्यावरच्या जीएसटीचे. बँकही दरात फरक ठेवते, पण या रकमेला घासाघीस करता येते. भाव विचारताना त्या क्षणाचा बाजारभाव समोर ठेवा आणि फरक पैशांत विचारा, 'चांगला रेट देतो' यावर फोन ठेवू नका.

कागद लागतील ते असे: विक्रेत्याचं इनव्हॉइस (कंपनीच्या नावाने, त्यावर त्यांचा बँक तपशील), ए-२ फॉर्म योग्य पर्पज कोडसह (पैसे कशासाठी, त्याचा कोड), आणि १५सीए-१५सीबी म्हणून ओळखली जाणारी माहिती आणि सीएचं प्रमाणपत्र. करपात्र देणं आर्थिक वर्षात ५ लाखांच्या वर गेलं की सीएचं प्रमाणपत्र आलंच. विक्रेत्याकडून त्यांच्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, फॉर्म १०एफ म्हणून ओळखली जाणारी माहिती आणि भारतात कायम आस्थापना (कार्यालय वगैरे) नसल्याचं पत्र मागून ठेवा. मोठ्या कंपन्यांकडे ते तयार असतात, 'टॅक्स डॉक्युमेंट्स फॉर इंडिया' असं लिहिलं की सपोर्ट पाठवून देतो. लहान कंपन्यांना आठवडे लागतात, तेव्हा रिन्यूअलच्या दोन महिने आधी सुरुवात करा.

टीडीएस कापायचा का? सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२१ च्या निकालानंतर तयार सॉफ्टवेअरच्या वापर-परवान्याचे पैसे दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातल्या व्याख्येप्रमाणे रॉयल्टी ठरत नाहीत. पण बिलात सल्ला, प्रशिक्षण किंवा खास जुळवणीचं काम असेल तर त्याचा वेगळा विचार होतो, म्हणून त्या ओळी इनव्हॉइसमध्ये वेगळ्या दाखवून घ्या. आणि हा प्रश्न कार्डाने पैसे भरले म्हणून टळत नाही. कार्डाच्या वेळी बँक विचारत नाही, एवढाच फरक.

पाठवताना शुल्काचा प्रकार 'अवर' (सगळं शुल्क आपल्याकडे) निवडा. 'शेअर्ड' ठेवलं तर मधली बँक आपले वीस-पंचवीस डॉलर कापून घेते, विक्रेत्याला ८,९७५ पोहोचतात, त्यांची यंत्रणा इनव्हॉइस अपूर्ण दाखवते आणि २५ डॉलरसाठी खातं थांबतं. संदर्भाच्या रकान्यात इनव्हॉइस क्रमांक लिहा. पैसे गेले की स्विफ्टची (पैसे पाठवल्याच्या संदेशाची) प्रत मागून त्याच दिवशी विक्रेत्याच्या बिलिंगला पाठवा, कारण त्यांच्याकडे जुळणी व्हायला कधी कधी आठवडा जातो.

अवांतर: रुपयात बिल देणाऱ्या देशी क्लाउडचे पैसे कार्डाने भरत असाल तर तिथे उलटी अडचण येते. टीडीएस लागू असेल तरी कार्डावर पूर्ण रक्कम कटते. मग टीडीएस खिशातून भरायचा, रिटर्न भरल्यावर निघालेलं टीडीएस प्रमाणपत्र विक्रेत्याच्या पोर्टलवर चढवायचं आणि तेवढी रक्कम परत मागायची. दर तिमाहीला. त्यांच्याकडून बँक ट्रान्सफरची सोय मिळत असेल तर तीच घ्या, टीडीएस वजा करून पाठवता येतं.